ठाण्यात ‘नॅनो वॉटरप्रूफिंग’ घ्यावं का? डब्यातल्या द्रवाचा आणि कामाचा आढावा

बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर उघडं असेल, भेगा आधी बुजवलेल्या असतील आणि काम कोरड्या भिंतीवर होणार असेल, तर ‘नॅनो वॉटरप्रूफिंग’ या नावाने मिळणारा द्रव जरूर घ्यावा. गच्चीवर पाणी साचत असेल, टाकी पाझरत असेल किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूममुळे छताला ओल येत असेल, तर घेऊ नये. त्या दुखण्यावरचं हे औषधच नाही. आमचं मत एवढंच आहे. पण ठाण्यात कोटेशनं येतात ती ‘गच्चीपासून टाकीपर्यंत एकच उपाय’ अशी, आणि सोसायटीची कमिटी शेवटी दर चौरस फुटाचा आकडा बघून सही करते. म्हणून हा द्रव भिंतीत शिरून काय करतो, किती लागतो आणि कुठे हरतो, ते सविस्तर सांगायला हवं.

हार्डवेअरच्या दुकानात ‘नॅनो’ छापलेले डबे ढोबळमानाने तीन जातींचे असतात. एक पाण्यासारखा पातळ, भिंतीत मुरणारा. हा सिलेन आणि सिलॉक्सेन या सिलिकॉनच्या संयुगांचा. दुसरा दाट, पांढरा, रंगासारखा. तो भिंतीवर थर बसवतो आणि प्रत्यक्षात ॲक्रिलिक रंगाचाच भाऊ असतो. तिसऱ्यात नॅनो-सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे खरे कण मिसळलेले असतात. हा आढावा पहिल्याचा आहे. डबा ओळखायचा तर समोरची चित्रं सोडून मागची बाजू वाचा, आणि दुकानदाराकडे टेक्निकल डेटा शीट, म्हणजे मालाचं तांत्रिक माहितीपत्रक, मागा. त्यात ‘अल्कॉक्सी सिलेन’, ‘सिलॉक्सेन’ किंवा ‘ऑर्गॅनोसिलेन’ यांपैकी शब्द हवा आणि सक्रिय घटक किती टक्के हा आकडा हवा. हा कागद द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तो डबा घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

आता त्यातल्या ‘नॅनो’बद्दल. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. १ ते १०० नॅनोमीटर हा पट्टा म्हणजे नॅनो, असं शास्त्रात सर्वसाधारणपणे धरतात. पाण्याचा रेणू ०.३ नॅनोमीटरच्या आतबाहेर. सिलेनचा रेणू सुमारे १ ते १.५ नॅनोमीटर. सिलॉक्सेन म्हणजे अशाच रेणूंची छोटी साखळी, दीड ते साडेसात नॅनोमीटरची. म्हणजे डब्यात नॅनो ‘कण’ नसतात, असतात ते नॅनो मापाचे रेणू. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊच.

भिंत बघू. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. थापी सहज फिरावी म्हणून मिस्त्री माल सैल करतो, त्यात पाणी जास्त पडतं. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि आपली वाट मागे ठेवून जातं. या वाटा १० नॅनोमीटरपासून १० मायक्रॉनपर्यंत असतात. १ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर. घट्ट झालेल्या सिमेंटच्या पोटात याहून बारीक, काही नॅनोमीटरची छिद्रंही असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं या वाटांतून पाणी आपोआप आत ओढलं जातं. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. वाट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. १ मायक्रॉन रुंदीच्या नळीत पाणी, कागदावरच्या हिशेबाने, २५ मीटरहून जास्त उंच चढू शकतं. पावसाने भिंतीवर दाब द्यायची गरजच नसते, भिंत स्वतःच पाणी पिते.

रंग किंवा पुट्टी या वाटांच्या तोंडावर झाकण ठेवतात. सिलेन आत जातो. त्याच्या रेणूला दोन बाजू असतात. एका बाजूला सिमेंटशी जुळणारे हात, दुसऱ्या बाजूला तेलासारखी, पाण्याशी न जमणारी शेपटी. भिंतीतल्या किंचित ओलाव्याशी गाठ पडली की हात मोकळे होतात, थोडं अल्कोहोल सुटून उडून जातं, आणि मोकळे हात सिमेंटमधल्या सिलिकाला पक्के जोडले जातात. सिमेंटच्या अल्कली गुणामुळे ही क्रिया आणखी जलद होते. हे साधं चिकटणं नाही, रासायनिक बंध आहे, म्हणून पावसाने धुऊन जात नाही. छिद्र बुजत नाही, त्याला फक्त आतून अस्तर लागतं, सगळ्या शेपट्या बाहेर तोंड करून. आधी पाणी ओढणारी वाट आता पाणी ढकलते. वाफेला मात्र रस्ता खुला राहतो, त्यामुळे घरातला दमटपणा बाहेर पडतो आणि पोपडे धरत नाहीत. खाडीकाठच्या दमट हवेत रंगाचा जाड थर फुगून सुटतो तो नेमका याच कारणाने, वाफ अडल्याने.

‘अळवावरचं पाणी’ आपण म्हणतो. अळूच्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल राहतो, कारण पानावर बारीक उंचवटे असतात, त्यावर त्याहून बारीक मेणाचे स्फटिक, आणि थेंब त्या टोकांवर तरंगतो. विक्रीच्या व्हिडिओत भिंत अशीच दाखवतात. प्रत्यक्षात सिलेन लावलेल्या प्लास्टरवर थेंबाचा कोन, म्हणजे थेंबाची कड भिंतीशी करते तो, ११० ते १३० अंशांच्या आसपास असतो, अळूच्या पानाच्या बराच खाली. थेंब गोल होतो पण पानावरच्यासारखा गडगडत नाही. त्याने काही बिघडत नाही, भिंत कोरडी राहायला ९० अंशांच्या वर एवढं पुरतं. शिवाय ऊन आणि धुळीने वरच्या कातडीचा हा गुण वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो आणि लोकांना वाटतं द्रव संपला. आतल्या दोन ते पाच मिलिमीटरमध्ये ऊन पोचत नाही, तिथलं अस्तर टिकतं. म्हणून थेंब किती गोल ते बघू नये, पाणी किती मुरतं ते मोजावं.

डब्याची पहिली परीक्षा दुकानातच, मोबाइलच्या टॉर्चने होते. काचेच्या पारदर्शक ग्लासात सांगितलेल्या प्रमाणात पाणी आणि द्रव मिसळा, अंधाऱ्या कोपऱ्यात बाजूने झोत टाका. झोत द्रवातून जाताना अजिबात दिसला नाही तर द्रव पूर्ण विरघळलाय, रेणू सुटे आहेत. झोताची निळसर रेघ दिसली तर त्यात फार बारीक थेंब आहेत, साधारण १०० नॅनोमीटरच्या खालचे. ग्लास दुधासारखा पांढरा झाला तर थेंब मोठे आहेत. पेलाभर पाण्यात दुधाचा एक थेंब टाकून बघा, तोही निळसर दिसेल, कारण तेच आहे. बारीक थेंब निळा प्रकाश जास्त विखुरतात, मोठे थेंब सगळेच रंग सारखे. पांढरा होणारा द्रव वाईटच असं नाही, सच्छिद्र विटेवर तोही चालतो. पण घट्ट काँक्रीटवर खोल शिरण्यासाठी पहिले दोन बरे. तासाभराने तळाशी गाळ किंवा वर तवंग आला तर माल जुना आहे, किंवा पाणी जड आहे. बोअरचं जड पाणी मिसळू नये, पिण्याचं घ्यावं. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकरवर आहेत त्यांनी हे आवर्जून सांभाळावं.

आता तो हरतो कुठे. याचा हिशेब पदार्थविज्ञानातच आहे आणि कुठल्याही जाहिरातीने तो बदलत नाही. पाण्याला न जुमानणारी वाट किती दाब रोखेल हे तिच्या रुंदीवर ठरतं. १ मायक्रॉनचं छिद्र सुमारे १० मीटर पाण्याचा दाब अडवतं, म्हणजे पावसाचा प्रश्नच मिटला. ०.३ मिलिमीटरची भेग, जी नखाने जाणवते आणि लांबून केसासारखी दिसते, ती जेमतेम दीड-पावणेदोन सेंटीमीटर पाणी अडवते. १ मिलिमीटरची भेग अर्धा सेंटीमीटर. उलट बाजूने बघा: ताशी ७२ किलोमीटरचा झोंबणारा वारा भिंतीवर जो दाब देतो तो सुमारे अडीच सेंटीमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे वादळी सरीत ०.३ मिलिमीटरची भेग द्रव लावूनही हरते. गच्चीवर पाच सेंटीमीटर पाणी साचलं तरी हरते. दीड मीटर भरलेल्या टाकीत तर साडेतीन-चार मायक्रॉनहून रुंद प्रत्येक चीर पाणी सोडणार, आणि ती डोळ्याला दिसणारही नाही. ‘आमचा नॅनो भेगांसकट सगळं बंद करतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशेब मांडून दाखवा.

याचा ठाण्यातल्या इमारतींशी थेट संबंध आहे. नौपाडा, कोपरी, चरईकडच्या जुन्या इमारतींना वीट आणि वाळूचं जाड प्लास्टर आहे. ते भरपूर पाणी पितं, म्हणून द्रवाचा फायदा तिथे सगळ्यात जास्त दिसतो, विशेषतः नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे पावसाचा मारा थेट बसतो. पण अशा भिंतीला खालून लोणा लागलेला असेल, पांढरे क्षार फुललेले असतील, तर थांबा. क्षाराचं पाणी पायातून वर चढतंय, बाहेरून अस्तर लावलं की ते अस्तराच्या मागे सुकतं, क्षार तिथेच स्फटिक धरतात आणि प्लास्टरचा वरचा पापुद्राच उडवून देतात. आधी पायातली ओल, मग भिंत.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरचं दुखणं वेगळं. तिथे ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला साइटवर सगळे मायव्हान म्हणतात, भिंती काँक्रीटच्याच ओततात. काँक्रीट घट्ट असतं, ते फार पाणी पीतच नाही. पाणी येतं तीन ठिकाणांहून: साच्याच्या दोन फळ्या एकत्र धरणाऱ्या पट्ट्या काढल्यावर उरलेल्या खाचांतून, प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी आजच्या आणि कालच्या काँक्रीटच्या सांध्यातून, आणि खिडकीच्या चौकटीभोवती. या तिन्ही जागा मिलिमीटरच्या मापाच्या आहेत. तिथे नॅनो द्रवाचे दहा हात दिले तरी उपयोग शून्य. खाचा आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने, म्हणजे ओतायच्या पातळ सिमेंटच्या मालाने, भरायच्या, सांधा कापून पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने, बंद करायचा, खिडकीभोवतीचं जुनं सीलंट खरवडून नवं भरायचं. हे झाल्यावर द्रव. आमच्या मते अशा इमारतीत निम्म्याहून जास्त पैसा सांध्यांवर जायला हवा; कोटेशनमध्ये उलटं दिसलं तर ते परत पाठवावं.

गच्चीबद्दल थोडक्यात. चायना मोझॅकच्या सांध्यांत हा द्रव आधार म्हणून चालतो, मुख्य उपाय म्हणून नाही. ढाळ १०० ला १ असला, पॅरापेटच्या कडेच्या वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची मिळतात तिथली गोलाई, शाबूत असल्या, आणि सांधे आधी भरले, तरच. पाणी साचणाऱ्या गच्चीला आधी ढाळ द्या.

प्रमाण आणि पद्धत यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे आकड्यांकडे लक्ष द्या. तयार द्रव, म्हणजे पाणी मिसळून झालेला, प्लास्टरवर एका लिटरात ३० ते ५० चौरस फूट जातो, तेही सगळे हात धरून. दहा हजार चौरस फुटांच्या भिंतीला ४०च्या हिशेबाने २५० लिटर तयार द्रव लागेल. डबा १ लिटरला २० लिटर पाणी घालायच्या जातीचा असेल तर मूळ द्रव बारा लिटर. कंत्राटदाराने पाच लिटरचा एकच डबा आणला तर उरलेलं पाणीच आहे हे तोंडी गणितानेच कळेल. वॉचमनला सांगून भरलेले सीलबंद डबे आत येताना आणि रिकामे बाहेर जाताना मोजून घ्या. सोसायटीसाठी याहून सोपी आणि पक्की देखरेख दुसरी नाही.

पाणी मिसळलेला द्रव त्याच दिवशी संपवायचा. पाण्यात पडल्यापासून त्याचे रेणू एकमेकांशीच हात जोडायला लागतात. संध्याकाळपर्यंत साखळ्या लांबतात, दुसऱ्या दिवशी त्या छिद्रात शिरायच्या मापाच्या राहत नाहीत. दिसायला द्रव तोच, काम शून्य. सिमेंट कालवलेल्या घमेल्यात किंवा बादलीत मिसळला तर हे आणखी जलद होतं, कारण अल्कली लागली की जोडाजोड भराभर होते. नवी, धुतलेली प्लास्टिकची बादली घ्यावी.

भिंत तयार करायची ती अशी. नवं प्लास्टर असेल तर पाणी मारून २८ दिवस पिकू द्या. जुनी असेल तर रंग पूर्ण खरवडावा लागतो. रंगाच्या थरावर द्रव टाकणं म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीवर औषध लावणं. शेवाळ आणि काळी बुरशी तारेच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने काढून, धुऊन, भिंत तीन कडक उन्हाचे दिवस वाळवा. पोकळ वाजणारं प्लास्टर हातोडीने ठोकून शोधा आणि काढून टाका. भेगा इंग्रजी व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरा. ठाण्यात या कामाचे महिने डिसेंबर ते मे. ऑक्टोबरात भिंत वरून कोरडी दिसते पण चार महिन्यांचं पाणी पोटात असतं. छिद्रात आधीच पाणी भरलेलं असेल तर द्रवाला जागा कुठली? एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या भिंतीवरही लावू नये, द्रव मुरण्याआधी उडतो. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची, असं सावली धरून काम करावं.

लावताना खालून वर जायचं, म्हणजे ओघळ कोरड्या भिंतीवर पडत नाहीत. भिंत इतकी भिजवायची की ओघळ वीतभर खाली यावा. आणि दुसरा हात पहिला ओला असतानाच, दहा-वीस मिनिटांत. इथे सगळ्यात जास्त चुकतं. रंगाच्या सवयीने माणसं ‘पहिला हात आज, दुसरा उद्या’ करतात. पहिल्या हाताने भिंत एकदा पाणी ढकलायला लागली की उद्याचा पाण्यातला द्रवही तिला पाणीच वाटतो, तो आत जात नाही आणि वर पांढरट डाग सोडतो. कंत्राटात ‘ओल्यावर ओला, एका दिवसात दोन हात’ असं लिहूनच घ्या. नंतर किमान सहा तास पाऊस नको, चोवीस तास नसला तर उत्तम.

खिडक्यांच्या काचा आणि खाली उभ्या गाड्या झाकणं हे सौजन्य म्हणून नाही, शास्त्र म्हणून करायचं आहे. काच म्हणजे सिलिकाच. जो बंध सिमेंटशी होतो तोच काचेशी होतो, आणि तो डाग नंतर कुठल्याही पावडरने निघत नाही. काचेवर नुकताच उडालेला थेंब मात्र ओल्या फडक्याने दोन मिनिटांत पुसला तर जातो.

वर रंग द्यायचा असेल तर एक हात रुंद पट्ट्यावर आधी करून बघा. काही द्रवांवर पाण्याचा प्राइमर धरत नाही, ठिपके ठिपके होतो. द्रव बनवणाऱ्याने सांगितलेलाच प्राइमर घ्यावा, आणि आठवड्याने त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. रंग पट्टीबरोबर आला तर उरलेल्या भिंतीवर तो प्राइमर नको.

सुरक्षेचा भाग आपल्याकडे कोणीच विचारत नाही, आणि इथेच मघाचा रेणू-कणाचा फरक कामाला येतो. २००६ मध्ये जर्मनीत ‘नॅनो’ नावाच्या बाथरूमच्या स्प्रेने जवळपास शंभर लोकांना श्वास लागला, काहींच्या फुप्फुसात पाणी झालं. सगळ्यांनी नॅनोकणांना दोष दिला. तपासणीत त्या डब्यात नॅनोकण निघालेच नाहीत. बाधलं ते बहुधा पाणी ढकलणाऱ्या द्रवाचं फार बारीक तुषार होऊन छातीत जाणं. फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांनाही आतून ओलसर अस्तर असतं, आणि पाणी ढकलणारं काहीही तिथे पोचलं की ते अस्तर मोडतं. म्हणून हा द्रव ब्रशने किंवा रोलरने लावावा. पंप वापरायचाच तर बागेतला कमी दाबाचा, जाड थेंबांचा. हवेच्या कंप्रेसरची गन अजिबात नको. झुल्यावरच्या कामगारांना रबरी हातमोजे, चष्मा आणि कार्ट्रिजवाला, म्हणजे हवा गाळणारी डबी लावलेला, मास्क द्यायला हवा, कापडी मास्क उपयोगाचा नाही. पहिलं कारण त्यांची छाती, दुसरं त्याच मजल्यावरच्या उघड्या खिडकीतलं तान्हं मूल. कामाच्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायची सूचना आदल्या दिवशी लावावी.

तिसऱ्या जातीच्या, खऱ्या कणांच्या डब्यांना आम्ही भिंतीसाठी शिफारस देत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्येच धरली आहे. डब्यात ओले असताना कण धोक्याचे नाहीत, पण पुढच्या रंगकामाला तीच भिंत घासली की धूळ होते. बुरशी मारायला नॅनो-चांदी घातलेले द्रव आणखी नकोत. चांदी जिवाणूंना मारते तशी पाण्यातल्या बारीक जिवांनाही मारते, आणि आपल्या इमारतींचं पावसाचं पाणी नाल्यातून थेट खाडीत जातं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे; तिथले रोहित पक्षी ज्या चिखलातलं खाणं टिपतात त्या चिखलात आपण भिंतीची चांदी का सोडायची? भिंत कोरडी राहिली की बुरशी तशीही कमी होते. ‘तेल आणि पाणी दोन्ही दूर ठेवतं’ असा दावा दिसला तर त्यात फ्लोरिनची संयुगं असण्याची शक्यता मोठी. ती निसर्गात मोडत नाहीत. त्यांतल्या पीएफओएसवर २००९ मध्ये आणि पीएफओएवर २०१९ मध्ये, न मोडणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात बंधनं आली. भिंतीला तेल कोण लावतो? त्या गुणाची इथे गरजच नाही.

‘ग्रीन’ हा शिक्का डब्यावर कोणीही छापतो, वजन केल्याशिवाय तो मानू नये. सिलेनचं मूळ असलेलं सिलिकॉन विजेच्या भट्टीत, कोळशासोबत गारगोटीचे दगड वितळवून काढतात, किलोला ११ ते १३ युनिट वीज जाते. म्हणजे पदार्थ फुकटचा स्वच्छ नाही. पण लागतो किती? चौरस मीटरला तयार द्रव पाव लिटरच्या आसपास, त्यात सक्रिय घटक थोडासाच. आता दुसरीकडे बघा: गळतीवर गच्चीत जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायची आपली रीत. चार इंच विटांच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला १७-१८ किलो होतं. तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पन्नास टनांहून जास्त ओझं, तेही म्हाताऱ्या खांबांवर, आणि त्यातल्या सिमेंटचा धूर वेगळा. भिंतींनाही काही वर्षांनी प्लास्टर फोडून गोण्या भरून राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, टाकावं लागतं. ते एकदा जरी टळलं तरी द्रवाचा हिशेब फायद्यात येतो. अट एकच, तो दहाएक वर्षं टिकायला हवा. घाईत लावलेला, तीन पावसाळ्यांत निकामी झालेला द्रव पर्यावरणाच्या नावाने घेतलेला असला तरी वायाच. पाण्यातला घ्यावा, टर्पेंटाइनचा वास येणारा शक्यतो नको. त्यातला बहुतेक द्रावक हवेतच उडतो. उरलेला तयार द्रव मोरीत ओतू नका, कंपाउंडच्या भिंतीला किंवा पेव्हर ब्लॉकला लावून संपवा.

काँक्रीटच्या दृष्टीने आणखी एक फायदा, जो कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेतले क्षार पाण्याबरोबरच आत शिरतात आणि सळीला गंज चढवतात. पाणी अडलं की क्षारांची वाटही अडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वायू असल्याने आत जात राहतो, म्हणून ज्या छज्ज्याच्या सळीवर काँक्रीटचं आवरण आधीच सेंटीमीटरभरच उरलंय त्याला फक्त द्रव लावून निश्चिंत होऊ नये. तिथे स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याचं ऐकावं.

सही करण्याआधी एक प्रयोग करून घ्या. एक विटेचा तुकडा अर्धा तोडा. एक अर्धा तसाच ठेवा, दुसऱ्याला कंत्राटदाराच्याच माणसाकडून, त्याच्याच डब्यातला द्रव, तुमच्यासमोर लावून घ्या. दोन्ही अर्धे पंख्याखाली दोन दिवस वाळवा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला, बादलीत तासभर बुडवून ठेवा, पुसून परत तोला. साधी वीट चोवीस तासांत तिच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते, भारतीय मानकात तेवढी मुभा आहे. द्रव लावलेल्या अर्ध्याने साध्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी घेतलं तर डबा किंवा प्रमाण चुकलंय. मग तोच अर्धा हातोडीने फोडा आणि तुटलेल्या कडेवर पाणी शिंपडा. मधला भाग गडद होईल, कडेची पट्टी फिकी राहील. ती फिकी पट्टी म्हणजे अस्तर. मोजपट्टी लावा, दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर द्रव वरच्यावर राहिलाय.

भिंतीवरची तपासणी काम संपल्यावर आठवड्याने करावी. कार्स्टन नळी नावाची काचेची वाकडी नळी असते, ती पुट्टीने भिंतीला चिकटवून पाण्याने भरतात. १२ सेंटीमीटर उंच पाणी म्हणजे ताशी सुमारे १६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब. वीस मिनिटांत पाण्याची पातळी जवळजवळ हलू नये. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्यांकडे ही नळी असते. प्रत्येक बाजूला पाच जागा निवडा, दोन खिडक्यांच्या खाली, एक स्लॅबच्या सांध्याजवळ, आणि जागांवर न पुसणाऱ्या रंगाने क्रमांक टाकून आकडे वहीत लिहा. बिलातले निदान १५ टक्के राखून ठेवा, जुलैच्या मोठ्या पावसानंतर त्याच क्रमांकांवर नळी परत लावा, आणि आकडे जुळले की मगच तो चेक द्या.